पाठमोरा डाग

मंगळवारी दुपारी घड्याळवाले काखेत एक गुंडाळी मारून लॉन्ड्रीत आले, तेव्हा अक्का एका टेबलक्लॉथवरच्या शाईशी भांडत होती. भांडत होती म्हणजे अगदी तोंडानं. "निघतोस मुकाट्यानं, की काढू सोलून?" असं ती डागाला दरडावायची आणि डाग निघायचे. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी आपापले डाग घरीच सांभाळावेत, असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं.

लॉन्ड्री दोघी जावांची. पुढच्या खोलीत काउंटर, इस्त्रीचं टेबल आणि पांढरं कव्हर घातलेली अक्काची खुर्ची. मागे धुण्याची खोली, तिच्यात तीन प्लॅस्टिकचे टब, एक नळ आणि एक रुंद खिडकी. त्यामागे कपडे वाळवायचं अंगण. थोरली म्हणजे अक्का. साठी केव्हाच उलटलेली, आवाज खणखणीत, केस पुरुषासारखे कानाच्या वर कापलेले. टबात केस पडलेला तिला खपत नसे, मग तो स्वतःचा का असेना. शाळा तिनं चौथीतच सोडली होती. डागांचं शास्त्र ती शिकली ते कपडे जाळून आणि बोटं सोलून घेऊन. म्हणून कुणी पुस्तक वाचून आलेला माणूस तिला शिकवायला लागला की ती आधी त्याच्या शर्टाची कॉलर बघायची.

ब्लीचच्या बाबतीत तर ती जमादारीणच होती. ब्लीच नुसतं कधी ओतायचं नाही, गार पाण्यात पातळ करायचं. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघायचा, रंग हलला तर हात जोडायचे. लोकर आणि रेशीम त्याच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही. दहा मिनिटं म्हणजे दहाच. हातात मोजे, खिडकी सताड उघडी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ब्लीचच्या पाण्यात दुसरं काही मिसळायचं नाही. ना व्हिनेगर, ना काचा पुसायचं औषध, ना गंज काढायचं ॲसिड. "ब्लीचला सवत चालत नाही," अक्का सांगायची. "दुसरी आली की ते जीव घेतं. तिचा नाही, तुमचा."

आणि एक नियम फक्त ह्याच लॉन्ड्रीत होता. ज्या टबात ब्लीच असेल त्याच्या कडेला लाल चिमटा लावायचा. लाल चिमटा असेल तर टबात दुसरं काही टाकायचं नाही, तीन पाण्यानं खळबळून काढेपर्यंत नाहीच नाही. हा नियम धाकटीसाठी होता. धाकटी जाऊ अक्काहून पंधरा वर्षांनी लहान, कामाला वाघ, बोलायला लवंगी मिरची, पण तिला वास येत नसे. सात वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. करपलेलं कळेना, नासलेलं कळेना, ब्लीचही कळेना. तिनं काम सोडायचं ठरवलं तेव्हा अक्का म्हणाली होती, "नाक गेलं तर गेलं. मी आहे ना तुझं नाक." त्या दिवसापासून भिंतीवर लाल चिमटे टांगलेले होते.

तर घड्याळवाल्यांनी गुंडाळी उलगडली. आरामखुर्चीचं कव्हर होतं. जाड, शुभ्र सुती कापड, आणि पाठीच्या वरच्या भागात डोकं टेकतं तिथे एक पिवळा डाग. अक्कानं तो उजेडात धरला आणि तिचे डोळे चमकले. असा डाग तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. खुर्चीला डोकं टेकून टेकून पडलेला डाग पसरट असतो, ढगासारखा. हा रेखीव होता. गोल डोकं, बारीक मान, आणि मानेच्या वर नीट वळवलेला अंबाडा. एक पाठमोरी बाई.

"बायकोची खुर्ची," घड्याळवाले म्हणाले. "ती जाऊन दोन वर्षं झाली. मी तीन वेळा ब्लीच केलं."

"केलंत ना?" अक्का उसळली. "तेलाघामाचा डाग आहे हा! ह्याच्यावर ब्लीच टाकलं की जायचं सोडून आणखी पिवळा पडतो. कुणी सांगितलं होतं?"

"दर वेळी गडद होतो. आणि..."

"आणि काय?"

"काही नाही." त्यांनी नजर चुकवली. त्यांच्या अंगाला घड्याळाच्या तेलाचा वास होता. पातळ, थंड, लोखंडासारखा. अक्काच्या नाकातून काही सुटत नसे.

कव्हरच्या खालच्या काठावर गंजाचा तपकिरी ठिपकाही होता. "हा कसला?"

"खिडकीच्या खिळ्याचा. वाळत टाकलं होतं, अडकलं. आता सगळ्या खिळ्यांची डोकी कानशीनं घासून काढलीत मी. काही अडकायला नको."

"खिडकीला खिळे?"

"आतून ठोकलेत. वाऱ्यानं माझे स्क्रू उडतात हो. मुंगीच्या डोक्याएवढे असतात. एक हरवला की दिवस गेला."

"मग श्वास कसा घेता घरात?"

"सवयीनं," घड्याळवाले म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते. "शुक्रवारपर्यंत द्या. शनिवारी मुलगी येतेय. कायमची, माझ्याकडे राहायला. तिला हा डाग दिसता कामा नये."

ते गेले तशी धाकटी मागच्या खोलीतून डोकावली. "काय मेजवानी आली म्हणायची?"

"अगं, बघ तरी!" अक्का लहान मुलीसारखी कव्हर नाचवत म्हणाली. "अंबाड्याचा पीळसुद्धा दिसतोय! ह्याला ब्लीचचा थेंबही लागणार नाही, सांगून ठेवते. भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी आणि ती ऑक्सिजनवाली पावडर. उद्या दुपारी कोरं करकरीत."

तिनं तसंच केलं. डागावर लिक्विड चोळलं, पावडरच्या पाण्यात भिजवलं, पिळून अंगणात टाकलं. ओलं होतं तेव्हा कापड अगदी स्वच्छ दिसत होतं. बुधवारी दुपारी वाळलेलं कव्हर काढायला गेली आणि दोरीपाशीच थबकली.

डाग परत आला होता. पण तसाच नाही. काल निव्वळ पाठ होती. आज डाव्या बाजूला कान होता.

"धाकटे! इकडे ये आधी! काल ह्याला कान होता का गं?"

धाकटी हात पुसत आली. बघून हसली, मग हसायची थांबली. "अक्का, डागाला कान कुठून येणार?"

"तेच विचारतेय मी!"

खरं सांगायचं तर अक्काला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. इतकी वर्षं शाई, गंज, रक्त, रंग सगळे तिच्यापुढे माना टाकून गेले होते, आणि आज कुणीतरी तोडीस तोड भेटलं होतं. तिनं बाह्या सारल्या. पुन्हा लिक्विड, पुन्हा पावडर, जास्त वेळ. गुरुवारी दुपारी दोघी मिळून दोरीपाशी गेल्या. धाकटीनं अक्काचं मनगट धरलं होतं.

कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. बाईनं मान अर्धी वळवली होती. एका बाजूनं चेहरा इतका स्वच्छ उठला होता की नाकपुडीचा बाकसुद्धा कळत होता. आणि वारं नसताना कव्हरचा तेवढाच भाग हलत होता. हळूहळू... आत-बाहेर... आत-बाहेर... छाती हलावी तसा.

"परत देऊन टाका," धाकटी कुजबुजली. "अक्का, हे धुण्यातलं नाही."

"परत? मी?" अक्काचा आवाज चढला. "चाळीस वर्षांत 'होत नाही' म्हणून एक रुमाल परत दिला नाही मी!"

"मग आजपासून द्या. सुरुवात चांगल्या गिऱ्हाइकापासून करा."

"तू तुझ्या चादरी बघ."

शुक्रवार सकाळ. धाकटी अंगणात चादरी टाकत होती. अक्का कव्हर घेऊन धुण्याच्या खोलीत एकटीच उभी राहिली. वाळलेल्या कव्हरवरची ती बाई बाजूला बघत होती, कुणाची तरी वाट बघावी तशी. अक्काचा पारा चढला. ती आपल्याकडे का बघत नाही, ह्याचाच जणू तिला राग आला. हातमोजे चढवले. आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहिला, कापडाला काही झालं नाही. बादलीभर गार पाणी टबात ओतलं, त्यात छोटी वाटीभर ब्लीच. इथपर्यंत सगळं नियमानं. मग सवयीनं हात भिंतीवरच्या लाल चिमट्याकडे गेला आणि तिथेच अडला.

'ह्याला ब्लीचचा थेंबही लागणार नाही,' असं ती छाती ठोकून म्हणाली होती. चिमटा लावला की धाकटी बघणार. बघितलं की भुवई उडवणार. आठवडाभर तोच विषय. दहा मिनिटांचं तर काम. अक्कानं चिमटा काढला आणि टबाला न लावता एप्रनच्या खिशात टाकला. चाळीस वर्षांत केलेल्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे.

कव्हर पाण्यात गेलं. डाग आधी फिका झाला. अक्का पुढे वाकली. मग पाण्याखाली, तिच्या डोळ्यांदेखत, डाग हलला. हाक आल्यावर वळावी तशी ती मान सावकाश वळली. पूर्ण वळली. समोर चेहरा आला. डोळ्यांच्या जागी दोन फिकट खळगे... आणि मग खालून एक हात वर आला. पिवळा, लांब बोटांचा हात. तो त्या चेहऱ्याच्या नाकातोंडावर घट्ट दाबला गेला आणि तिथेच राहिला.

अक्का टबापासून एक पाऊल मागे सरली. तिच्या तोंडून एरवी शिवी निघाली असती, आज नुसता श्वास निघाला. "काय... काय सांगतेयस?" ती पाण्याला म्हणाली.

तेवढ्यात काउंटरवरची घंटा वाजली. ती इतकी दचकली की पाणी उसळलं. मोजे काढत, मागे वळून बघत ती पुढच्या खोलीत गेली.

घड्याळवाले उभे होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. "झालं?"

"आधी एक सांगा." अक्कानं काउंटरवर दोन्ही पंजे टेकले. "तुमच्या बायकोला काय झालं होतं?"

"हृदयाचं. अचानक..."

"मी तुमच्या मुलीला नाही सांगणार. मला सांगा. ती वळलीय. तिनं नाक दाबून धरलंय."

घड्याळवाल्यांनी काउंटरची कड पकडली. बाहेर वारा सुटला होता, रस्त्यावरची धूळ दारापर्यंत येत होती. ते बोलायला लागले तेव्हा आवाज इतका बारीक होता की अक्काला पुढे वाकावं लागलं.

"हेच कव्हर धूत होती. न्हाणीघरात. त्यावर कॉफी सांडली होती माझ्याच हातून. टबात ब्लीच घातलं. म्हणाली, हात ओले आहेतच तर फरशीही घासून घेते. फरशीचं ॲसिड ओतलं. ते वाहत गेलं... का टबात उडालं... मला माहीत नाही. दार लावलेलं. मीच सांगायचो, दार लावत जा, वारा येतो."

"आणि खिडकीला खिळे."

"तिनं हाक मारली होती." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "दोनदा. मी भिंग लावून बसलो होतो. चिमट्यात स्प्रिंग होती, केसाएवढी. म्हटलं... एवढी बसवतो आणि उठतो." त्यांनी चिमूट धरून दाखवली. "मी गेलो तेव्हा खिडकीखाली पडली होती. नखं खिळ्यांना... आणि दुसरा हात असा. नाकातोंडावर."

अक्काचा हात नकळत एप्रनच्या खिशात गेला. बोटाला काहीतरी टोचलं. तिनं बाहेर काढून पाहिलं.

लाल चिमटा.

टबाला चिमटा नाही. कव्हरच्या काठाला गंजाचा ठिपका. धूळ सुटलेली, म्हणजे ओल्या चादरी वाचवायला धाकटी आत आली असणार, खिडकी लावली असणार. गंज दिसला की ती काय करणार? जे अक्कानंच शिकवलंय ते करणार. गंजाचं औषध ओतणार.

"धाकटे!"

अक्का धावली. तिचे गुडघे गेली चार वर्षं जिना चढताना कुरकुरत होते, त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. फटीतूनच वास आला. सुरीसारखा, हिरवट, घशात रुतणारा. तिनं श्वास रोखला आणि खांद्यानं दार ढकललं.

खोलीत वारा घोंघावत होता. टबाशेजारी गंजाच्या औषधाची बाटली आडवी पडली होती. आणि खिडकी सताड उघडी होती, दोन्ही झडपा भिंतीला आपटत होत्या, कडी एका स्क्रूवर लोंबकळत होती. धाकटी टबापाशी नव्हती. ती कमरेतून खिडकीबाहेर वाकलेली होती, कुणी उचलून टाकावी तशी, आणि ओकारीसारखी खोकत होती.

खोकत होती. म्हणजे जिवंत होती.

डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या, पण अक्कानं तिला कमरेत धरलं आणि अंगणात ओढत नेलं. वळून बघते तर घड्याळवाले तोंडावर रुमाल धरून त्या खोलीत शिरले होते. आणि काय करत होते? आपटणाऱ्या झडपा ओढून घेत होते. खिडकी लावत होते! त्यांचं त्यांना कळत तरी होतं की नाही कोण जाणे, हातच आपोआप चालत होते.

"हात लावाल तर तोडीन!" अक्का अशी ओरडली की शेजारच्या गच्चीवरचे लोक उठून उभे राहिले. घड्याळवाल्यांचे हात गळाले. ते बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले.

डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं, नळी लावली, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. थोडक्यात निभावलं, आणखी दोन मिनिटं त्या टबावर वाकून राहिली असती तर अवघड होतं, म्हणाल्या. पण हे सगळं नंतर. त्याआधी अंगणात, खोकल्याची उबळ ओसरल्यावर, धाकटी अक्काकडे बघत म्हणाली, "केवढ्यांदा ओढलंत मला... खांदा निखळला असता."

"मी नाही ओढलं. मी आत्ता आले."

"चेष्टा करू नका. मागून आलात. दंड धरलात, खिडकी फोडलीत..." ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "अक्का... मला वास आला."

"कसला?"

"ब्लीचचा नाही. तो नाहीच आला. तेलाचा... बदामाच्या तेलाचा. केसांना लावतात तो. सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वास आला मला. अगदी कानाशी."

तिच्या एप्रनची बाही काळी होती. दंडाच्या जागी रंग उडाला होता. चार लांब बोटं आणि एक अंगठा, पांढरेफटक, ब्लीचच्या हातानं धरावं तसे. अक्कानं आपला पंजा त्यावर ठेवून पाहिला. तिची बोटं आखूड आणि जाड होती. बाहीवरची बोटं एक एक पेर लांब होती.

आणि टबातलं कव्हर? खोलीतला वास संपूर्ण निघून गेल्यावर, भरपूर पाणी सोडून, तिनं ते बाहेर काढलं. कोरं करकरीत. गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

घड्याळवाल्यांनी ते घडी न घालता छातीशी धरलं.

"आता घरी जा आणि पहिल्यांदा खिळे उपटा," अक्का म्हणाली. "उद्या पोरगी येतेय त्या घरात."

त्यांचा चेहरा एकदम दगड झाला. "माझ्या घराच्या खिडक्या उघडणार नाहीत."

"का? अजून स्क्रू उडतात?"

"खिळे काढले तर..." ते दारापर्यंत गेले. "खिळे काढले तर ते माझ्यामुळे झालं असं होईल." आणि गेले. अक्का त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिला त्या माणसाची कीव आली, आणि मग स्वतःच्या खिशातला चिमटा आठवला आणि कीव करायचं तोंड उरलं नाही.

दवाखान्यात तिनं तो चिमटा धाकटीच्या हातात ठेवला. "चूक माझी. मी ब्लीच घातलं आणि हा लावला नाही. तू हसशील म्हणून."

धाकटीनं चिमटा उलटसुलट करून पाहिला. "पुन्हा म्हणा."

"काय?"

"चूक माझी, हे. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकतेय, जरा सावकाश म्हणा."

अक्का हसता हसता रडली, आणि रडल्याचा आळ दवाखान्यातल्या फिनेलवर घातला.

पुढचं सांगायचं ते थोडं आहे. महिन्याभरानं अक्काच्या स्वतःच्या खुर्चीच्या कव्हरवर, डोकं टेकतं तिथे, फिकट पिवळा डाग दिसायला लागला. आधी ढगासारखा. मग अंबाडा. अक्काचे केस कानाच्या वर कापलेले, हे पुन्हा सांगायला नको.

"धुवायचं?" धाकटीनं विचारलं.

अक्कानं त्या अंबाड्यावरून बोट फिरवलं. "राहू दे. बसू दे तिला. तिकडे तिला कोण खिडकी उघडून देतंय!"

आणि मग एक रीतच पडली. मागच्या खोलीच्या खिडकीची कडी अक्कानं काढूनच टाकली, झडपा दोरीनं भिंतीला बांधून टाकल्या. रोज सकाळी धाकटी उंबऱ्यावर थांबायची आणि नाक वर करून हुंगायची. तिला जगातला दुसरा कुठलाही वास येत नसे, एवढाच यायचा.

"आला का गं?"

"आला."

मग दोघी आत जायच्या. टबांना लाल चिमटे लागायचे आणि काम सुरू. अक्का डागांशी भांडायची, आणि भांडण रंगात आलं की खुर्चीचं कव्हर हळूच हलायचं, हसल्यासारखं. लोक म्हणायचे, या लॉन्ड्रीत दोघी असतात की तिघी? अक्का म्हणायची, "मोजा आणि सांगा."

काल संध्याकाळी एक तरुण बाई आली. घड्याळवाल्यांची मुलगी. "बाबा गेले," म्हणाली. "मागच्या आठवड्यात. झोपेतच. त्या आरामखुर्चीत बसायचे शेवटपर्यंत." तिनं काउंटरवर एक पिशवी ठेवली. "तेच कव्हर आहे. डोक्याचा डाग पडलाय. घाई नाही, सावकाश द्या."

"आणि खिडक्या?" अक्कानं विचारलं.

मुलगी पहिल्यांदा मोकळी हसली. "सगळे खिळे उपटून टाकले. पहिलं काम तेच केलं."

"शहाणी पोर!" अक्का म्हणाली. तिनं पिशवी न उघडताच मागच्या खोलीत फळीवर ठेवली, खिडकीच्या दोऱ्या ताणून पाहिल्या, दिवा मालवला आणि दार लावून दोघी घरी गेल्या.

आज सकाळी धाकटी उंबऱ्यावर थांबली. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"आला का गं?"

"नाही अक्का... आज नाही आला."

अक्कानं खुर्चीकडे पाहिलं. कव्हर पांढरं होतं. अंबाडा नाही, मान नाही, काही नाही. ती तरातरा मागच्या खोलीत गेली आणि दारातच उभी राहिली. खोलीत अंधार होता, दिवसाढवळ्या. दोऱ्या सुटून फरशीवर पडल्या होत्या. फळीवरची पिशवी रिकामी, लोळागोळा झालेली. आणि खिडकी लावलेली होती. अक्कानं जवळ जाऊन चौकटीवर बोट फिरवलं. आतून, झडपेतून आरपार, एक लांब खिळा ठोकलेला होता. डोकं कानशीनं घासून गुळगुळीत केलेलं. काही अडकायला नको म्हणून.

"धाकटे, पक्कड आण," अक्का म्हणाली. आवाज खणखणीत होता. "मोठी पक्कड. आण म्हणते ना! आणि बाहेरच थांब, आत येऊ नकोस."

धाकटी हलली नाही. ती उंबऱ्यावर, नाक वर करून, अंधाराकडे बघत उभी होती.

"अक्का... आता येतोय वास."

"तेलाचा?"

"तेलाचाच," धाकटी म्हणाली. "पण केसांच्या नाही."